पायाखालची ओल

घर पाहायला आलेला पाहुणा भिंतींचा रंग पाहतो, छताकडे मान उंच करतो, खिडकीतून काय दिसते ते विचारतो. घरात राहणाऱ्या माणसाचा संबंध मात्र सर्वांत अधिक येतो तो जमिनीशी. मूल रांगते ते जमिनीवर, पंगत बसते ती जमिनीवर, चवथीला गणपतीपुढे फुगड्या रंगतात त्या जमिनीवर आणि अखेरच्या घटकेला माणसाला अंथरुणावरून उतरवून ठेवतात तेही जमिनीवरच. असे असूनही घर बांधताना जमिनीचा विचार सर्वांत शेवटी होतो. तोवर हातातील पैसा संपत आलेला असतो, गृहप्रवेशाचा मुहूर्त जवळ आलेला असतो, आणि दुकानात जाऊन रंग व चकाकी पाहून फरशी पसंत केली जाते.

कोरड्या मुलखात हे चालून जाते. इंदूरकडच्या मराठी घरांत कोटा दगड असतो, हैदराबादकडे तांदूर-शहाबादची फरशी असते, वडोदऱ्याला आता मोरबीच्या कारखान्यांतील फरशा आल्या आहेत. तिथे आवडनिवड आणि पैसा यांवर निर्णय होऊ शकतो. परंतु ज्यांची मूळ घरे गोव्यात आहेत, आणि त्यातही पेडणे किंवा डिचोली तालुक्यात नदीनाल्याच्या काठी आहेत, त्यांना एवढ्यावर भागवता येत नाही. या भूमीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. हवेतील आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. वाळत घातलेले धोतर तिसऱ्या दिवशीही ओले राहते, कपाटातील पुस्तकांवर पांढुरकी बुरशी चढते, आणि पाटावर ठेवलेल्या मिठाच्या भांड्याला पाणी सुटते. अशा ठिकाणी जमिनीची निवड ही शोभेची बाब राहत नाही. घरात माणूस राहू शकेल की नाही, हे त्यावर ठरते.

हा विषय आमच्या कुटुंबापुढे आला तो ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर. त्या महिन्यात सह्याद्रीवर आणि तिळारीच्या धरणक्षेत्रात अतिवृष्टी झाली, धरणाचे पाणी सोडणे भाग पडले, आणि शापोरा नदीच्या काठी पेडणे तालुक्यातील इब्रामपूर, चांदेल, हसापूर तसेच डिचोली तालुक्यातील साळ या गावांत पाणी शिरले. त्याच दिवसांत कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढले असल्याने आमच्या या लहानशा टापूची हकीगत बाहेर फारशी पोहोचली नाही. नदीकाठच्या आमच्या वडिलार्जित घरात त्या रात्री गुडघाभर पाणी होते. घरात राहणारे माणूस एकच, माझी काकी. शेजाऱ्यांनी तिला वेळीच वरच्या वाड्यावर नेले. भावंडांपैकी मी म्हापशाला असल्याने सर्वांत जवळचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मीच तिथे पोहोचलो.

त्या घरात तीन प्रकारची जमीन होती. देवघर आणि मागची पडवी यांची जमीन मातीची, शेणाने सारवलेली. ओटी व माजघर यांत वडिलांनी १९६४ साली घातलेला सिमेंटचा लाल कोबा. आणि थोरले बंधू सुट्टीत वडोदऱ्याहून येत म्हणून अलीकडे बांधलेल्या खोलीत चकाकती, पांढरी, मोठ्या आकाराची फरशी. एकाच पाण्याने एकाच रात्री या तिघींची परीक्षा घेतली होती आणि निकाल समोर मांडून ठेवला होता.

मातीची जमीन विरघळली होती. पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जाई. कोब्यावर बोटभर गाळ होता. पण दोन घागरी पाणी ओतून खराट्याने लोटताच खालचा लाल रंग जसाच्या तसा वर आला. नव्या खोलीतील फरशी वरून पाहता निष्कलंक दिसत होती. चालू लागल्यावर मात्र पावलागणिक पोकळ आवाज येऊ लागला. चार दिवसांनी दोन फरशा तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या, आणि त्यांच्याखाली पाहावे तो पाणी तसेच साचलेले. घालणाऱ्याने प्रत्येक फरशीखाली मसाला सलग न पसरता केवळ चार कोपऱ्यांना आणि मध्यभागी गोळे ठेवले होते. मधल्या पोकळीत पुराचे पाणी शिरले, आणि वरून फरशी इतकी घट्ट की त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

या निकालावरून एवढाच अर्थ काढता आला असता की कोबा उत्तम, बाकी सर्व टाकाऊ. परंतु तो उतावळेपणा झाला असता. माझ्या ओळखीचे एक वयोवृद्ध मेस्त आहेत. चिऱ्याची घरे बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी घर फिरून पाहिले आणि विचारले, “तुम्हाला कुठल्या पाण्यासाठी जमीन हवी?” मला प्रश्नाचा रोख कळला नाही. तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून दाखवले: खालून चढणारे पाणी, हवेतून उतरणारे पाणी, वरून गळणारे पाणी आणि दारातून येणारे पाणी. जमिनीला या चौघांशी निरनिराळ्या रीतीने वागावे लागते, आणि एकाला अडवणारी जमीन दुसऱ्यापुढे हरते. पुढे मी या विषयावर जे वाचले, विचारले, पाहिले, ते सारे या चार बोटांत बसते.

पहिले पाणी खालचे. आमची घरे चिऱ्याची. चिरा म्हणजे जांभा दगड. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज कंपनीच्या डॉक्टराने मलबारात फिरताना लोक हा दगड मऊ असताना कापून विटांसारखा वापरतात हे पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याला लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. डिचोली तालुक्यात हरवळ्याची आणि लामगावची प्राचीन लेणी याच दगडात खोदलेली आहेत. वाऱ्यावर उघडा राहिला की तो कठीण होतो. पण अंगभर छिद्रे असल्याने पाणी पितो. दिव्याची वात तेल वर ओढते त्याच न्यायाने जमिनीतील ओल चिऱ्यातून आणि मातीतून वर चढते. येताना ती क्षार घेऊन येते. पाणी सुकते, क्षार मागे राहतात, भिंतीच्या पायथ्याशी पांढरी पूड फुटते, गिलाव्याचे पोपडे पडतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. खाडीलगतच्या खाजन जमिनीजवळ किंवा आगरवाड्यासारख्या मिठागरांच्या गावी तर मातीतच मीठ असल्याने हा त्रास अधिक.

आता जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर घातलेला नसतो. अशा घरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत काचेसारखी घट्ट फरशी घातली, तर खालच्या ओलीला वर येण्याची वाट बंद होते. ती कडांकडे सरकते आणि भिंतींत चढते. जमीन कोरडी दिसते, मालक खूश होतो, आणि दोन पावसाळ्यांत भिंत कमरेपर्यंत काळवंडते. आमच्या नव्या खोलीची जुन्या घराला लागून असलेली भिंत अशीच झाली होती. मग ती झाकण्यासाठी भिंतीलाही हातभर उंच फरशी चिकटवतात, की ओल तिच्याही वर जाते. आजार झाकावा आणि तो वाढत जावा, तसा हा प्रकार.

दुसरे पाणी हवेतले. पुष्कळांना याची ओळखच नसते. आषाढ-श्रावणात पांढऱ्या गुळगुळीत फरशीवर सकाळी पाण्याचे थेंब दिसतात. लोक म्हणतात, ‘जमिनीतून पाणी आले.’ पुष्कळदा ते हवेतून आलेले असते. हवा ३० अंश तापमानाची आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर सुमारे २७ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. जमिनीला चिकटलेली दगडी फरशी तेवढी थंड सहज असते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसा हा फरशीचा घाम. सारवलेली माती किंवा भाजलेल्या मातीची लादी ही ओल थोडीशी पिऊन घेते आणि ऊन पडले की परत देते, म्हणून तिच्यावर थेंब दिसत नाहीत. चकचकीत फरशीला पिता येत नाही. तिच्यावर पाणी उभे राहते, आणि म्हातारे माणूस घसरते.

ही दोन पाणी वेगळी ओळखण्याची युक्ती सोपी आहे. हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा स्वच्छ कागद जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या खालच्या अंगाला थेंब धरले तर ओल जमिनीतून येते. वरच्या अंगाला धरले तर हवेतून. आम्ही श्रावणात घरात पाच ठिकाणी कागद लावले. ओटीवर व माजघरात खालून ओल जवळजवळ नव्हती. नव्या खोलीच्या कडेला आणि स्वयंपाकघरात ती भरपूर होती. पाच कागदांनी आमचे अर्धे वाद मिटवले.

तिसरे पाणी वरचे. त्यावर फार लिहिण्याचे कारण नाही. कौले शाकारली नाहीत, वळचण आखूड ठेवली, झडीच्या बाजूला चुडतांचा आडोसा केला नाही, तर कोणतीही जमीन टिकणार नाही. वळचणीचे पाणी भिंतीच्या पायाशी न साचता गटारातून दूर गेले पाहिजे, एवढे पाहिले की पुष्कळ ओल आपोआप कमी होते. त्याला फरशीच्या मानाने खर्चही फार थोडा येतो.

चौथे पाणी दारातून येणारे. त्याच्याशी भांडण करता येत नाही. जुन्या लोकांनी त्याची व्यवस्था जोत्याने केली होती. नदीकाठच्या जुन्या घरांची जोती पाहावीत. पाच-पाच, सहा-सहा पायऱ्या चढाव्या लागतात. पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा असो वा मये-साखळीकडील चौसोपी घरे असोत, मधल्या राजांगणात पाऊस खुशाल कोसळू द्यावा आणि तो उताराने, मोरीवाटे बाहेर जावा, अशी त्यांची रचना आहे. पाणी येणारच नाही असा हट्ट त्यांत नाही. आलेले पाणी जाईल कसे, याचा विचार आहे. आता मात्र रस्त्यावर दर काही वर्षांनी खडी-डांबराचा नवा थर चढतो, रस्ता उंच होत जातो आणि जोते तेवढेच राहते. साखळीच्या बाजारपेठेत वाळवंटीचे पाणी शिरणे तर पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. नदीला संरक्षक भिंती झाल्या, पाणी उपसणारे पंप बसले, तरी पाऊस जोराचा लागला की दुकानदाराची नजर उंबरठ्याकडे जातेच.

या चार पाण्यांच्या हिशेबाने आपल्याकडे कोणकोणत्या जमिनी होऊन गेल्या ते पाहिले, म्हणजे आजची निवड सोपी होते.

मातीची जमीन सर्वांत जुनी. वारुळाची किंवा लाल माती आणायची, भिजवायची, पसरायची, चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. काळा रंग यावा म्हणून कोळशाची पूड, पुढे पुढे विजेरीच्या जुन्या सेलमधील काळी पूडही घालीत. ही जमीन पायाला ऊबदार, घसरत नाही, हवेतील ओल पिते. ओलीला ती भीत नाही. साचलेल्या पाण्यापुढे मात्र तिचा टिकाव लागत नाही. पुरानंतर ती पुन्हा करावी लागते, आणि करणाऱ्या बायका आता मिळत नाहीत. सांगण्याजोगे असे की तिला दुरुस्त करायला बाजारातून काहीच आणावे लागत नाही.

माती भाजली की तिला पाण्याची भीती उरत नाही, हे डिचोलीच्या कुंभारांना कोणी सांगायला नको. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या पद्धतीची कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. कौलांबरोबर भाजलेल्या मातीच्या चौकोनी लाद्याही आल्या. रेती आणि चुना यांवर बसवलेली अशी लादी खालची ओल वर जाऊ देते, पुरात विरघळत नाही, आणि उचलून, धुऊन परत बसवता येते. तिचा दोष हा की तेलाचे डाग पिते आणि सावलीत तिच्यावर शेवाळ धरते.

बार्देश-सासष्टीकडील सुखवस्तू घरांत नक्षीदार रंगीत सिमेंटच्या लाद्या आल्या. नव्या काबिजादींत, म्हणजे आमच्या पेडणे-डिचोलीकडे, त्या थोड्या घरांपुरत्या राहिल्या. सामान्य माणसाने पत्करला तो लाल कोबा. खाली दगडांची भर, वर काँक्रीट, त्यावर लाल रंग कालवलेले सिमेंट घोटून घोटून गुळगुळीत केलेले, आणि पुढे वर्षानुवर्षे पायांनीच चकाकी दिलेले. त्यात सांधे थोडे, म्हणून पाणी आत जायला वाटा थोड्या. तो कालांतराने तडकतो खरा. पण तडा भरता येतो. तो उचलला जात नाही, फुगत नाही, कुजत नाही. चांगला कोबा घोटणारा गवंडी मिळणे मात्र आता दुर्मिळ झाले आहे.

आजच्या दुकानात ज्या वस्तू मिळतात त्यांत व्हिट्रिफाइड फरशी सर्वांत कमी पाणी पिते. तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक नाही. साधी चिनी मातीची जमिनीची फरशी ३ ते ६ टक्के पिते, आणि भिंतीसाठी केलेली फरशी १० टक्क्यांहून अधिक. म्हणून भिंतीची फरशी स्वस्त मिळते म्हणून जमिनीला लावू नये. परंतु फरशी पाणी पीत नाही म्हणजे जमीन पाणी पीत नाही असे नव्हे. सांधे पितात, खालचा मसाला पितो, आणि पोकळी तर डबक्यासारखी भरते. फरशीखाली मसाला सलग पसरलेला आहे ना, हे घालतानाच उभे राहून पाहावे आणि दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने ठोकून आवाज ऐकावा. पृष्ठभाग खरखरीत घ्यावा. खोक्यावर आर ९, आर १०, आर ११ असे आकडे असतात, त्यांत आकडा जितका मोठा तितकी घसरण कमी. संगमरवराला चिंच-लिंबाचे आणि लाल मातीचे डाग लागतात. डिचोलीकडे लोहखनिजाच्या धुळीचे वर्चस्व आहे. २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्या, २०२४ पासून काही पुन्हा सुरू झाल्या. तिथे पांढऱ्या जमिनीचे सांधे पांढरे ठेवणे हा रोजचा उद्योग होऊन बसतो. कडप्पा, कोटा, शहाबादी यांचा खडबडीत दगड पडवी-मोरीला उत्तम.

मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला आणि पेडण्यात नवी घरे झपाट्याने उभी राहू लागली. त्यांपैकी काहींत लाकडी जमिनी पाहिल्या. अस्सल सागवानाची गोष्ट निराळी. परंतु आता लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाट्यांवर लाकडाचे चित्र चिकटवून जी जमीन मिळते ती एकदा भिजली की कडांनी फुगते आणि पुन्हा बसत नाही. शिवाय ज्या मुलखात गावोगाव वारुळाच्या रूपात सातेरी पुजली जाते, त्या मुलखात वाळवी किती पुरातन आणि किती समर्थ आहे, हे वेगळे सांगायला नको. प्लॅस्टिकच्या पट्ट्या स्वतः भिजत नाहीत. पण खालची ओल त्यांचा गोंद सोडवते आणि पट्टीखाली बुरशीला निवांत घर मिळते.

आमच्या घरात यावर बरीच बोलणी झाली. थोरल्या बंधूंचे फोनवरून म्हणणे होते की सर्व घरात एकसारखी फरशी घालून टाकावी, म्हणजे पुन्हा पाहायला नको. पैसे ते देणार होते. हुबळीच्या बहिणीला चिंता होती ती काकीच्या पायांची. दोघांचेही खोटे नव्हते. दूर राहणाऱ्या माणसाला घराची काळजी पैशानेच वाहता येते, आणि एकरंगी, चकचकीत घर पाहून त्याला आपण घरासाठी काही केले असे वाटते. पण त्या घरात बारा महिने वावरणार होती ती काकी. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला रात्री उठून मोरीपर्यंत जाता आले पाहिजे. दिव्याशिवाय. एवढी जमीन करून द्या, बाकी तुम्हाला काय करायचे ते करा.”

तिच्या या वाक्याने मला सर्व खोक्यांवरच्या आकड्यांपेक्षा अधिक दिशा दिली. जमीन चांगली की वाईट, हे बाजारभाव ठरवीत नाही. रात्री अंधारात तिच्यावरून कोण चालणार आहे, आणि पाणी ओसरल्यावर ती किती दिवसांत त्या माणसाला परत चालू देणार आहे, यावर ते ठरते.

जानेवारी २०२० मध्ये काम केले. ओटी आणि माजघराचा कोबा तसाच ठेवला, तडे भरले. नव्या खोलीची आणि स्वयंपाकघराची जमीन हातभर खोदून घेतली. तळाला मोठ्या दगडांची वीतभर भर टाकली, कारण दगडांमधल्या पोकळ्या मोठ्या असल्या की ओलीला वर चढायला वात मिळत नाही. त्यावर रेती, रेतीवर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर काँक्रीट आणि शेवटी खरखरीत व्हिट्रिफाइड फरशी, सलग मसाल्यात बसवलेली. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला टेकते तिथे मात्र चार बोटांची पट्टी मोकळी ठेवून ती चुन्यात खडी घालून भरली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची ओल तिथून हवेत जावी. भिंतीचा सिमेंटचा गिलावा पायथ्याला काढून चुन्याचा केला. प्रत्येक खोलीला दाराकडे आणि दारापासून अंगणाकडे किंचित उतार दिला; वाटी ठेवली तर घरंगळणार नाही, पण बादली ओतली तर पाणी आपणहून बाहेर जाईल, एवढाच. पडवीला भाजलेल्या मातीची लादी चुन्यावर बसवली. मोरीची वाट खडबडीत शहाबादी दगडाची केली.

राहिले देवघर. तिथे लादी घालावी असे सर्वांचे मत होते. पण काकीने ते मानले नाही. ती जमीन तिने लग्न होऊन आल्यापासून सारवलेली. पूर आला तर पुन्हा विरघळेल, असे मी म्हणालो. “विरघळली तर पुन्हा करू,” ती म्हणाली. सहा फूट बाय आठ फूट जागा. आम्ही ती मातीची ठेवली.

२३ जुलै २०२१ रोजी गोव्यात पुन्हा पूर आला. डिचोली, सत्तरी, पेडणे या तालुक्यांत शेकडो घरांची हानी झाली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. आदल्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली गेले होते. आमच्या घरात या वेळी पाणी घोट्याच्या वर आले. पण पाणी उतरू लागताच शेजारची मुले आणि मी त्याच्या पाठोपाठ खराटे घेऊन लागलो. पुराचा गाळ ओला असतानाच काढायचा असतो. एकदा सुकला की तो सिमेंटसारखा धरतो आणि खरवडताना जमीन ओरबाडतो. उताराने गाळ आपोआप दाराबाहेर गेला. नंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतले. त्यात फिनेल किंवा फरशी घासण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. विषारी वायू सुटतो. संध्याकाळी ओटीवर चटई पसरता आली. फरशीवर दांडा ठोकून पाहिला, आवाज भरीव होता. पडवीच्या लाद्या चार-पाच दिवसांत सुकल्या. देवघराची जमीन अपेक्षेप्रमाणे गेली. काकीने दिवाळीपूर्वी माती मागवली, शेजारच्या दोघींना हाताशी घेतले आणि ती पुन्हा केली. तेव्हा ती पंचाहत्तरी ओलांडून गेली होती.

नव्या घराला हे सारे करावे लागणार नाही. पायातच ओल अडवणारा काँक्रीटचा थर भिंतीखालून सलग घेतला, जोते ठाऊक असलेल्या पुराच्या खुणेहून वर नेले, आणि जमिनीखाली दगड, रेती व कागद यांचा क्रम राखला, की वर मनपसंत फरशी घालावी. फक्त खरखरीत असावी आणि उतार असावा. जुन्या घराची प्रकृती निराळी. त्याच्या भिंती श्वासोच्छ्वास करतात म्हणूनच ती दीडशे-दोनशे पावसाळे उभी असतात. त्यांना बंद बाटलीत घालू नये. खर्चाचा क्रमही हाच असावा: आधी छप्पर आणि वळचणीचे गटार, मग जमिनीखालचे थर, आणि सर्वांत शेवटी वरची फरशी. वरची फरशी हा या सर्वांतला दिसणारा आणि म्हणून सर्वांत फसवा भाग आहे.

या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांची मूळ घरे अशीच कोकणात, गोव्यात, बेळगावाखालच्या घाटपायथ्याला उभी असतील, आणि वर्षातले दहा-अकरा महिने बंद असतील. आपण बहुधा मे महिन्यात जातो. मुलांच्या सुट्ट्या असतात, आंबे-फणस असतात, घर खडखडीत कोरडे असते. त्याच दिवसांत म्हापसा किंवा डिचोलीच्या दुकानात जाऊन फरशी पसंत होते, आगाऊ रक्कम दिली जाते आणि आपण परत आपापल्या गावी येतो. मे महिन्यातले घर आपल्याला खरे सांगत नाही. जमिनीविषयी काही ठरवायचे असेल तर चवथीला जावे, आणि दोन दिवस अधिक राहावे. पहाटे अनवाणी घरभर फिरावे. कुठे पाय गार लागतो, कुठे चिकटतो, कुठे घसरतो, कुठल्या कोपऱ्यात वास कुबट आहे, भिंत कोठवर काळी आहे, ते पाहावे. चार ठिकाणी प्लॅस्टिकचे कागद चिकटवावेत. आणि घरात एखादी काकी किंवा आत्या राहत असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी तिच्यापाशी बसून विचारावे की रात्री तिला कुठून कुठे जावे लागते.